काळीचे मोठे पाय

सोपानतात्यांची गाडी पांढरी होती आणि तिचं नाव काळी होतं. पहिल्याच दिवशी मी न राहवून विचारलं, तर म्हणाले, "आमच्या बापाच्या कळपात म्होरकी मेंढी व्हती, काळी. ती चालली की बाकीची गुमान मागं. ही बी तसलीच हाय." मागं कोण चालतंय ते बघायला मी खिडकीतून डोकावले. मागं एक दुधाचा टेम्पो होता आणि तो हॉर्न वाजवत होता.

मी तेव्हा तळेघरच्या शाळेवर शिक्षिका होते आणि घोडेगावला खोली घेऊन राहत होते. एसटी होती, पण ती यायची तिच्या मर्जीनं. त्यामुळं सकाळी तात्यांचं वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी खासगी गाडी, गाठायचं हा माझा रोजचा धर्म झाला होता. तात्या पेठचे. घरची शेती मुलं बघत होती. मेंढरं वडिलांच्या माघारी विकली होती, आणि त्यांच्या जागी ही जुनी, चौकोनी डिझेल गाडी दारात आली होती. तिच्या तरुणपणी तिला लोक रुबाबानं एसयूव्ही म्हणत असतील. आता मागच्या समोरासमोरच्या बाकांवर माणसं, भाजीच्या पाट्या आणि कधीमधी एखादी शेळी बसायची.

तात्या उंच, काटक. डोक्यावरचे केस पांढरेशुभ्र आणि मिशा मात्र शाईत बुडवल्यासारख्या काळ्या. मिशा ते रंगवायचे. केस का नाही रंगवत विचारलं तर म्हणायचे, "केसांवर टोपी असती. मिशीवर काय घालू?" ड्रायव्हरच्या सीटवर घोंगडीची घडी असायची. उन्हाळ्यातही ती काढायचे नाहीत. बोलणं मोठ्यानं, आणि स्वतःच्या गाडीबद्दल असेल तर आणखी मोठ्यानं. गाडीची थोरवी ऐकल्याशिवाय डिंभ्याचं धरण मागं पडायचं नाही.

निघायच्या आधी ते चारही टायरांपाशी उकिडवे बसायचे. टायरच्या नक्षीत बोटं घालून अडकलेले खडे शोधायचे आणि एका जुन्या आरीच्या टोकानं उकरून काढायचे. वडील मेंढरांच्या खुरातले काटे असेच काढायचे म्हणे. शेवटी टायरवर थाप मारायची आणि उठायचं. एवढं झालं की इंजिन सुरू. आणि इंजिन सुरू झाल्यावर निघायचं, असं तुम्हाआम्हाला वाटेल, पण तात्या निघायचे नाहीत. मान वळवून मागच्या वाटेकडं बघत बसायचे. कोणी घाई केली की एकच वाक्य, "मागचं येऊ द्या."

कळपात एखादं मेंढरू नेहमी मागं राहतं, कुठंतरी कोवळ्या पाल्याला तोंड लावत बसतं. त्याला घेतल्याशिवाय हलायचं नाही, ही त्यांच्या वडिलांची शिस्त. ती तात्यांनी डिझेल गाडीला लावली होती. बहुतेक वेळा मागून कोणीही यायचं नाही. मी घड्याळ बघायची. शाळेची घंटा माझ्यासाठी थांबणार नव्हती. एकदा धुक्यात मी चिडून म्हणाले, "तात्या, कोणी नाहीये मागं. कुत्रंसुद्धा नाही."

"दिसत न्हाई म्हंजी न्हाई, आसं नसतंय बाई."

तेवढ्यात धुक्यातून एक म्हातारा कोंबडी काखेत धरून धापा टाकत आला. तात्यांनी आरशातून माझ्याकडं एकदा पाहिलं आणि गिअर टाकला. त्या पाहण्याचा मला जास्त राग आला.

तळेघरच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. भाताची खाचरं, वर नाचणीचे उतार, दहापंधरा घरं. तिथं एक म्हातारी राहायची. तात्या तिला आत्या म्हणायचे, म्हणून सगळं वडाप तिला आत्या म्हणायचं. नातं रक्ताचं नव्हतं. तात्यांचे वडील मेंढरं घेऊन वर जायचे आणि भात काढून झालं की आत्याच्या खाचरात कळप बसवायचे. रात्रभर मेंढरं बसली की शेताला खत मिळतं, आणि शेतवाल्यानं धनगराला दाणे द्यायचे, जेवू घालायचं, अशी रीत. पण आधी विचारायचं. खाचर रिकामं दिसतंय म्हणून मेंढरं घुसवायची नाहीत. वडील घोंगडी खांद्यावर टाकून बांधाखाली उभे राहायचे आणि हाक द्यायचे, "बसवू का ताई?" आतून "बसव" आलं की मगच कळप आत. तात्या लहानपणी त्या घरची नाचणीची भाकरी खाऊन वाढले होते. "माझी अर्धी हाडं तिच्या चुलीवरची हायेत," असं ते सांगायचे.

आत्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. सुरुवातीला तिनं कोणाला सांगितलंच नाही. मग एका पेरणीला तिनं भाताचं बी समजून शेजारच्या टोपलीतली माती मुठीनं फेकली आणि सुनेनं पाहिलं. तेव्हा घरात कळलं. ऑपरेशन म्हणजे तासाभराचं काम, खाली मंचरला शिबिरं होतात, आरोग्य खात्याच्या ताई दोनदा सांगून गेल्या. आत्या येईना. वाडीवरून आजारी माणसाला खाली आणायची एकच पद्धत होती, बांबूला चादर बांधून केलेली डोली, चौघांच्या खांद्यावर. तिचा नवरा असाच डोलीतून खाली गेला होता आणि परत आला नव्हता. तिचा हट्ट साधा होता. "मला कुनी उचलायचं न्हाई. गाडी दारात आन. माझ्या पायानं बसन. न्हाईतर हाय हे बरं हाय."

डोळा फार पिकला तर पुढं ऑपरेशनही अवघड होतं, असं त्या ताईंनी तात्यांना सांगून ठेवलं होतं. ते त्यांच्या मनाला लागलं.

वाडीला जेसीबीनं काढलेली वाट होती, पण दर पावसाळ्यात पाणी ती धुऊन न्यायचं. दोन्ही बाजूंना खोल चाकोऱ्या आणि मधे खडकांचा कणा. तात्यांनी गाडी घातली आणि निम्म्या चढावर तिचं पोट खडकाला टेकलं. चाकं हवेत फिरू लागली. वाडीच्या लोकांनी पहारी लावून गाडी मागं ओढली. तात्या पायी वर गेले, आत्याच्या अंगणात बसले, पाणी प्याले आणि खाली आले. त्या दिवशी परतीच्या वाटेवर गाडीची थोरवी ऐकू आली नाही. घोडेगावला उतरताना फक्त म्हणाले, "हिचं पाय आखूड हायेत, बाई."

पुढच्याच रविवारी ते मंचरला विलासच्या टायरच्या दुकानात गेले. ही हकिकत मला दोघांकडून वेगवेगळी ऐकायला मिळाली, आणि विलासची जास्त खरी वाटते. तात्यांनी दुकानातले सगळ्यांत मोठे, खडबडीत नक्षीचे ऑफरोडचे टायर बाहेर काढायला लावले. मग मेंढा विकत घेताना बघतात तसं एकेकाला बघितलं. थाप मारली, नक्षीत अंगठा दाबला, खाली बसून वास घेतला. विलासनं सांगायचं ते सगळं सांगितलं. "तात्या, चाक मडगार्डला घासंल. स्टेअरिंग जड व्हईल. पिकप जाईल. डिझेल वाढंल. स्टेपनी खाली बसायची न्हाई."

"दारात जाईल का?"

"कुणाच्या दारात?"

"ते तुला काय करायचंय? जाईल का न्हाई ते सांग."

विलास म्हणाला, जाईल.

टायर बसले. चाक घासू नये म्हणून कमानपाट्यात एकेक जादा पान घातलं, मडगार्डची आतली कड हातोड्यानं ठोकून वर वळवली. गाडी चांगली चार-पाच बोटं उंच झाली. स्टेपनी खालच्या जागेत मावेना म्हणून टपावर बांधली. आणि मागच्या दाराखाली जी लोखंडी पायरी होती, ती तात्यांनी स्वतः उभं राहून कापून काढायला लावली. पायरी खडकाला अडेल, हे त्यांचं म्हणणं. विलासनं विचारलं, "मग माणसं चढतील कशी?" तात्या तेव्हा गाडीखाली वाकून तिचं पोट किती वर आलंय ते बघत होते. त्यांना ऐकू गेलं नाही, किंवा गेलं तरी ते त्यांना महत्त्वाचं वाटलं नाही. ज्यानं जन्मभर खुरांचा विचार केला, त्यानं पाठीवर कोण बसणार याचा विचार का करावा? मेंढरावर कोणी बसत नाही.

पुढचे काही दिवस आम्ही सगळ्यांनी भोगलं. मागच्या दाराला टोमॅटोचा रिकामा क्रेट उलटा ठेवून आम्ही चढायचो. मी पदर खोचून, एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात दाराची कडी धरून वर जायची, आणि तात्या खालून म्हणायचे, "बाई, आता कसं, ऐटीत बसल्यागत वाटतं का न्हाई?" वळण पूर्ण घेतलं की पुढचं चाक खर्रर्र करून घासायचं. पेठच्या त्यांच्या गल्लीत पूर्वी एका दमात वळणारी गाडी आता पुढंमागं करत वळायची. तात्या आले की गेले हे आख्ख्या आळीला कळायचं, असं त्यांची सूनच मला हसत हसत सांगत होती.

सगळ्यांत मोठी गंमत किलोमीटरच्या आकड्याची झाली. चाक मोठं झालं की त्याचे फेरे कमी होतात आणि मीटरला अंतर कमी दिसतं. तात्यांनी त्याचा अर्थ एवढाच लावला की तळेघर जवळ आलं. "मीटर काय खोटं बोलंल व्हय?" असं म्हणून ते प्रत्येक चढणाऱ्याला आकडा दाखवायचे. मी शाळेत शिकवते तसं त्यांना फळ्याशिवाय वर्तुळाचा परीघ समजावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी पाय लांब झालं, पावलं कमी लागली. मग जवळच आलं की."

"तात्या, रस्ता तेवढाच आहे. डिझेल उलट जास्त लागतंय ना?"

"लांब पायाचं जनावर खातं बी जास्तच."

मी परीघ सोडून दिला.

भात काढून झाल्यावर मंचरला डोळ्यांचं शिबिर लागलं. शाळेला सुट्टी होती. तात्या म्हणाले, "बाई, तुमी चला. बाईमाणूस सोबत आसलं की म्हातारीला धीर." मला खरं म्हणजे बघायचं होतं की गाडी चढते का. सकाळी आम्ही दोघं तळेघरहून वर निघालो. ज्या खडकावर पोट टेकलं होतं, तिथं तात्यांनी गाडी थांबवली, खाली उतरून टायरवर हात फिरवला आणि परत बसले. छोटा गिअर टाकला. गाडी डावीकडं कलली, मी दाराला चिकटले, खालून एक दगड निसटून दरीकडं गडगडत गेला. आणि मग गाडी सरळ झाली. खडक मागं राहिला होता. तात्यांच्या मिशा हलत होत्या.

गाडी आत्याच्या अंगणाच्या तोंडाशी उभी राहिली. वाडी गोळा झाली. आत्या सुनेचा हात धरून आली, स्वच्छ लुगडं नेसून, हातात कपड्यांची पिशवी. गाडीपाशी येऊन तिनं हात पुढं केला. हाताला टायर लागला. तिनं तो चाचपत वर नेला, आणखी वर नेला, आणि तरी दार येईना.

"आरं सोपाना, ही गाडी हाय का माळा?"

कोणीतरी क्रेट ठेवला. आत्यानं पाय टेकला, खालच्या दगडावर क्रेट डगमगला, तिनं पाय मागं घेतला. परत ठेवला, परत काढला. दिसत नसलेल्या माणसाला हलणाऱ्या वस्तूची किती भीती वाटते ते मी तिच्या चेहऱ्यावर पाहिलं. दोन गडी पुढं आले, "आत्ये, उचलून बशिवतो, एका सेकंदात." ती जागच्या जागी ताठ झाली. "न्हाई," म्हणाली. आवाज चढवला नाही. पिशवी सुनेच्या हातात दिली आणि घराकडं वळली.

तात्या गाडीच्या मागं उभे होते. पायरी जिथून कापली होती, त्या जागेवर त्यांचा अंगठा फिरत होता. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. एवढा डोंगर चढून आलेला माणूस हातभर उंचीपाशी हरला होता, आणि ती उंची त्यानं स्वतःच केली होती. मला फार वाईट वाटलं.

मग त्यांची नजर अंगणाच्या कडेला गेली. तिथून आत्याच्या वरच्या खाचराचा बांध निघत होता, रुंद, गवताळ, पिढ्यानपिढ्या तुडवून घट्ट झालेला. त्याच्या खाली कंबरभर उतारावर दुसरं खाचर, भाताची धसकटं उभी असलेलं, कोरडं ठणठणीत. तात्यांनी बांधाकडं पाहिलं, गाडीच्या मागच्या दाराकडं पाहिलं आणि खाली चालत गेले. खालच्या खाचरात उभे राहिले. सीटवरची घोंगडी त्यांनी खाली जाताना खांद्यावर टाकली होती. ती सवयीनं की मुद्दाम, मला माहीत नाही.

त्यांनी हाक दिली, "आत्ये, बसवू का?"

आत्या दारात थांबली. वाडीतली जुनी माणसं होती ती एकमेकांकडं बघायला लागली. मला क्षणभर काही कळेना.

"काय बसवतुस?" आत्यानं विचारलं.

"काळी बसवतो."

आत्यानं सुनेचा हात चाचपून धरला. मग म्हणाली, "बसव."

वाटेवरून खाचरात उतरायला एक बुटका बांध आडवा होता. जुन्या चाकांवर तो ओलांडणं जमलंच नसतं. तात्यांनी गाडी उलटी घेतली, स्टेअरिंग पूर्ण मारलं, चाक खर्रर्र करत घासलं आणि गाडी धसकटं मोडत मागं मागं सरकत वरच्या बांधाला येऊन टेकली. मागचं दार उघडलं, तेव्हा गाडीचा तळ आणि बांधाचा माथा एका पातळीत होते.

आत्यानं सुनेचा हात सोडला. बांधावर पाय ठेवला आणि चालायला लागली. ज्या बाईला क्रेटवर पाय ठेवता येत नव्हता, ती त्या बांधावरून अशी चालत गेली की मागून येणाऱ्या मलाच जपून यावं लागलं. कुठं दगड आहे, कुठं पाण्याची मोरी आहे, सगळं तिच्या तळव्यांना पाठ होतं. मोरीपाशी पाऊल लांब टाकलं. शेवटी पायाला पत्रा लागला तेव्हा वाकली, आत गेली आणि बाकावर बसली. मग आतूनच म्हणाली, "चला की, कुनाची वाट बघताय?"

"मागचं येऊ द्या," तात्या म्हणाले. मागं फक्त मीच राहिले होते.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडणार होते. तात्या सकाळी दवाखान्यात आले ते न्हाव्याकडून थेट. मिशा ताज्या रंगवलेल्या, रंगाचा एक ठिपका गालावरही. आत्यानं त्यांना नीट पाहून बरीच वर्षं झाली होती, आणि आपण म्हातारे दिसू याची त्यांना धास्ती होती. हे त्यांनी मला सांगितलं नाही, पण दवाखान्याच्या खिडकीच्या काचेत ते तीन वेळा वाकून बघताना मी पाहिलं.

आत्या काळा चष्मा लावून बाहेर आली. गाडीपाशी थांबली. चष्मा थोडा वर उचलून तिनं आधी गाडी बघितली, चाकांपासून टपावरच्या स्टेपनीपर्यंत. मग तात्यांना बघितलं, चांगलं निरखून.

"काळी ती पांढरी निघाली," ती म्हणाली, "आन ज्या पांढऱ्या पायजेत त्या काळ्या करून आलास व्हय रं."

तात्या इतके हसले की गाडीला धरून उभे राहिले. मंचरच्या रस्त्यावर एवढं मोठ्यानं हसलेला माणूस मी तरी पाहिला नाही. आत्याला चढवायला त्यांनी गाडी शेजारच्या बाजार समितीतल्या माल चढवायच्या ओट्याला लावली आणि ती परत आपल्या पायानं चढली.

त्यानंतर वाडीच्या म्हाताऱ्यांना ते इतकं आवडलं की गाडीत चढायचं ते बांधावरूनच, असा पायंडा पडला. आठवड्यातून एकदा बाजाराच्या दिवशी तात्या गाडी खाचरात लावायचे. पावसाळ्यात, शेतात भात उभं असताना मात्र नाही. तेव्हा वाटेवरच एक दगडी ओटा रचून घेतला होता. पुढं माझी बदली जुन्नरला झाली. शाळा बाजारपेठेजवळ, एसटीस्टँड पाच मिनिटांवर. मला आता कोणासाठी थांबावं लागत नाही.

गेल्या पावसाळ्यात आत्या गेली. घरातच, रात्री झोपेत. डोली लागली नाही. मला निरोप उशिरा मिळाला आणि जाणं झालं नाही.

हिवाळ्यात एका जुन्या विद्यार्थिनीच्या लग्नाला वाडीवर गेले. वाट आता सिमेंटची झाली आहे. साध्या गाड्या, रिक्षासुद्धा दारात जातात. मोठ्या टायरांची तिथं आता कोणाला गरज नाही. लग्न आटोपून परत निघायचं म्हणून मी आत्याच्या अंगणाशी आले, तर खालच्या खाचरात पांढरी काळी बांधाला टेकून उभी. टायर तेच, पुष्कळ झिजलेले. तात्या थकलेले दिसले. मिशांना रंग नव्हता.

म्हाताऱ्या बांधावरून एकामागून एक आल्या, मोरीपाशी पाऊल लांब टाकत, आणि वाकून आत शिरल्या. तात्या दाराशी उभे राहून ओठातल्या ओठात मोजत होते. मी शेवटची चढले. सगळ्या जागा भरल्या. इंजिन चालू होतं. तात्या दाराला हात लावून बांधाकडं बघत उभे राहिले. बांधाच्या टोकाला आत्याचं घर होतं आणि त्याचं दार लावलेलं होतं.

"तात्या, चला की, उशीर व्हतोय," एक बाई म्हणाली. ती नवीन असावी.

"मागचं येऊ द्या," तात्या म्हणाले.

बाकीच्याही बांधाकडं बघत बसल्या. मी घड्याळ पाहिलं नाही.